उजेड रस्त्यावर पडू दे

मे महिना सरत आला की आपल्या जिल्ह्यातल्या गॅरेजांपुढे दोन तऱ्हेच्या गाड्या लागतात. एक घरची गाडी. मिरगाआधी ब्रेक, वायपर, टायर बघून घ्यायला आलेली. दुसरी पर्यटकांची, आंब्याची किंवा मासळीची ने-आण करणारी. तिच्या मालकाचे मागणे ठरलेले असते: ‘रात्री काही दिसत नाही, लाइट वाढवून द्या.’ आज या दुसऱ्या मागणीविषयी बोलायचे आहे, कारण तिला आपण जे उत्तर देतो त्याचे परिणाम गाडी गॅरेजातून बाहेर पडल्यावर भलत्याच माणसाला भोगावे लागतात.

गेल्या आठवड्यात कसाल-मालवण रस्त्यावरच्या एका गॅरेजात तिन्हीसांजेला बसलो होतो. तिथे एक सात आसनी गाडी आली. मालकाने दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडून एलईडी बल्ब बसवून घेतले होते. त्याची तक्रार एका वाक्याची होती: “मेस्त्रीनू, उजेड मरणाचो पडता, पण रस्तो काय दिसणा नाय.” मेस्त्रींनी वाद घातला नाही. गाडी मागच्या गिलाव्याच्या भिंतीसमोर लावली, डाव्या हेडलाइटमधला एलईडी काढून तिथे साधा हॅलोजन बल्ब घातला आणि स्विच दाबला. डावीकडे पिवळसर झोत पडला. त्याला वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखी सरळ कड होती आणि डाव्या टोकाला ती जराशी वर चढलेली होती. उजवीकडे पांढराशुभ्र गोळा. कड नाहीच. भिंतीच्या वर, मागच्या माडाच्या झावळ्यासुद्धा लख्ख दिसत होत्या. मालक थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “म्हंजे दोन म्हयने मी माडाक उजेड दाखवतंय?”

त्या भिंतीवर जे दिसले, तेच या अग्रलेखाचे सूत्र आहे. बल्ब हेडलाइटचा एक भाग आहे. उजेड कुठे पडायचा हे बल्ब आणि रिफ्लेक्टर मिळून ठरवतात. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत आजही असलेला एच-४ बल्ब हातात घेऊन बघा. त्यात दोन फिलामेंट असतात, ६० वॅटची अप्परसाठी आणि ५५ वॅटची डिपरसाठी. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्यावर येतो. झोताची ती सरळ कड या वाटीची करामत आहे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून कडेचे डावे टोक वर चढवलेले असते. गडग्याच्या कडेने चालणारा माणूस त्यामुळे दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात.

हे सगळे गणित फिलामेंटच्या जागेवर बांधलेले आहे. ती जागा मिलिमीटरने हलली तरी झोत बिघडतो. एलईडीमध्ये बारीक तारेच्या जागी पट्टीच्या दोन अंगांना बसवलेल्या चिप असतात आणि मधे पट्टीची जाडी असते. चांगल्या बनावटीच्या बल्बात ही जाडी कमी ठेवून फिलामेंटची जागा साधायचा प्रयत्न केलेला असतो. स्वस्तातल्या बल्बात तोही नसतो. मग खोक्यावर कितीही हजार ल्युमेन छापलेले असोत, त्यातला मोठा वाटा कडेच्या वर उधळला जातो.

‘उजेड मरणाचो, पण रस्तो दिसणा नाय’ या तक्रारीत खोट काहीच नाही. अशा बल्बांचा बराच उजेड बॉनेटपुढच्या आठ-दहा मीटरांत पडतो. जवळची जागा लख्ख झाली की डोळ्याची बाहुली आवळते आणि लांबचा काळोख आणखी काळा होतो. चालवणाऱ्याला वाटते, झकास दिसतेय. प्रत्यक्षात पुढच्या वळणावर बसलेली गुरे, आंबोली-दोडामार्गच्या बाजूला असाल तर गवा, त्याला उशिरा दिसतो.

आणि आता पाऊस येतोय. कोरड्या डांबरावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, त्यातला काही आपल्याकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. ओल्या रस्त्यावर पाण्याचा थर आरसा होतो. आपला उजेड पुढे निसटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. आपल्याला रस्ता काळा, त्याला सगळे पांढरे. अशा वेळी जास्त ताकदीचा, कड नसलेला झोत दोघांचेही नुकसान करतो. आंबोलीच्या धुक्यात अप्पर लावून बघितलेल्या प्रत्येकाला समोर उभी राहणारी ती पांढरी भिंत ठाऊक आहे. पिवळा उजेड धुके ‘कापतो’ असे आपल्यात म्हटले जाते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्याने पिवळा आणि पांढरा, दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की निळसर पांढऱ्याइतका तो डोळ्याला टोचत नाही. धुक्यात खरा उपयोग होतो तो खाली बसवलेल्या, खाली रोखलेल्या फॉगलाइटचा.

मग गिऱ्हाइकाला ‘आहे त्यात भागव’ म्हणायचे का? मुळीच नाही. त्याची अडचण खरी आहे. महामार्ग ६६ चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, पण देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ले हे किनाऱ्यावरचे रस्ते अजून अरुंद आहेत. अनेक ठिकाणी कडेचे पांढरे पट्टेसुद्धा नाहीत. त्याला रस्ता दिसला पाहिजे. फक्त कामाचा क्रम आपण पाळला पाहिजे.

पहिले काम मल्टिमीटरचे. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कपलरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि कपलरवर १२.३ असे आकडे जुन्या गाडीत सहज येतात. दीड व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटते. हॅलोजनचा उजेड मात्र व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. वरच्या उदाहरणात त्या गाडीचा एक तृतीयांश उजेड वायरिंगनेच खाल्लेला असतो. आपल्या खाऱ्या हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडतात, बॉडीची अर्थ गंजते, वायर आतून काळी होते. पिना साफ करा, अर्थ नव्याने घट्ट घ्या, बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर टाका. त्याच कंपनी-बल्बमध्ये गिऱ्हाइकाला ‘नवा लाइट’ दिसेल. १००/९० वॅटचा बल्ब घालणाऱ्यांनी तर हा हिशोब जरूर करावा. अप्परचे दोन १०० वॅटचे बल्ब १२ व्होल्टवर १६ अँपिअरहून जास्त ओढतात. मूळ स्विच आणि होल्डर दहा अँपिअरच्या हिशोबाने बनलेले असतात. वितळलेले होल्डर आपण सगळ्यांनीच हातात धरले आहेत.

दुसरे काम काचेचे. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट असते आणि कोकणातल्या उन्हाने पिवळे पडते. ८०० पासून चढत २००० नंबरपर्यंतचा ओला पॉलिशपेपर, मग पॉलिश आणि शेवटी यूव्ही कोटिंग. हे शेवटचे कोटिंग टाळले तर सहा महिन्यांत गाडी परत दारात येते. आतला रिफ्लेक्टर सोलला असेल तर कुठलाही बल्ब उपयोगाचा नाही, असेंब्लीच बदलावी लागते. ती घेताना डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशासाठी बनवलेली आहे ना, हे बघून घ्या. उलटी असेंब्ली कडेचे टोक नेमके समोरच्याच्या डोळ्यांत चढवते.

तिसरे काम फोकसचे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, सीटवर एक माणूस. भिंत दहा मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची कड त्या रेषेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी. गाडीच्या हेडलाइटवर कंपनीने वेगळी टक्केवारी छापली असेल तर ती पाळा. स्टीअरिंगजवळचे ० ते ३ आकड्यांचे छोटे चाक गिऱ्हाइकाला हात लावून दाखवा. मागे पाच पर्यटक आणि डिकीत बॅगा भरल्या की गाडीचे तोंड वर उठते, तेव्हा ते चाक फिरवायचे असते. हे कित्येक चालकांना आजवर कोणी सांगितलेलेच नाही.

एवढे करूनही गिऱ्हाइकाला एलईडीच हवा असेल तर त्याच्या समोर भिंतीवर करून दाखवा. चिप घड्याळात तीन आणि नऊ वाजतात त्या दिशांना आल्या पाहिजेत. मागचा पंखा मावत नाही म्हणून रबरी कव्हर कापू नका. मालवणात कव्हर कापलेल्या हेडलाइटमध्ये पहिल्याच पावसात घाम धरतो, आणि खारट दमट हवेत तो पंखाही फार काळ टिकत नाही. पंखा थांबला की चिप तापते आणि उजेड उतरत जातो. भिंतीवर कड नीट येत नसेल तर बल्ब परत खोक्यात गेला पाहिजे.

हा आमचा हेका नव्हे. जर्मनीत हॅलोजनच्या जागी घालायच्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची पहिली परवानगी २०२० साली मिळाली. तो बल्ब ओसरामचा होता. परवानगीही सरसकट नव्हती. ज्या ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तो तपासला गेला त्यांचीच यादी निघाली. प्रयोगशाळा असलेल्या एवढ्या मोठ्या कंपनीला एकेक हेडलाइट तपासावा लागला, तर ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे छापलेल्या खोक्यावर आपण कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा?

डीआरएलची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे आपल्याला मोकळ्या मनाने काम करता येईल. दिवसाचा दिवा रस्ता दिसावा म्हणून नसतो, आपण दिसावे म्हणून असतो. युरोपने २०११ पासून नव्या कारना तो सक्तीचा केला. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो, त्यामागचा विचार हाच. करूळ किंवा आंबोली घाटात जुलैमध्ये भर दुपारी अंधारून येते, तेव्हा समोरून येणारी करडी गाडी डीआरएलमुळेच वेळेत कळते. पण युरोपीय नियमात त्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला एवढीच ठेवली आहे, आणि हेडलाइट लागला की तो विझला किंवा मंद झाला पाहिजे. बाजारातल्या पट्ट्या रात्रीही पूर्ण ताकदीने जळत राहतात, कारण आपणच त्या थेट इग्निशनवर जोडतो. हेडलाइटच्या वायरीवरून एक रिले घ्या, काम होते. इंडिकेटरशेजारी प्रखर पट्टी असेल तर इंडिकेटर दिसत नाही, म्हणून वळताना त्या बाजूची पट्टी विझू द्या. निळे-लाल झगमगणारे दिवे खाजगी गाडीला लावून मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १०६ आपल्या कामाचा आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला माणसाचा डोळा दिपता कामा नये, असे तो सांगतो. दीड मीटर म्हणजे रस्त्याने चालत येणाऱ्या माणसाचा चेहरा. पासिंगपुरते जुने बल्ब घालून ओरोसला जायचे आणि परत येऊन एलईडी बसवायचे, ही रीत आपल्यातलीच आहे. ती आपणच बंद करू शकतो.

दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्यात ५० मीटर आंधळी धावलेली असते. त्या ५० मीटरांत कोण असेल? आपला जिल्हा लहान आहे. रात्री दोनला दशावताराचा नाट्यप्रयोग आटोपून टेम्पोतून परतणारी मंडळी असतील, पहाटे बंदरावर निघालेला रापणकर असेल, जत्रेहून बॅटरीच्या उजेडात घरी चाललेली एखादी आजी असेल. बिल देणारा गिऱ्हाईक आपल्या समोर उभा असतो. हे सगळे लोक बिल देत नाहीत, पण आपल्या हातचे काम त्यांच्याही डोळ्यांवर पडते. त्यांचेही आपण देणे लागतो.

म्हणून एक विनंती. मिरग लागायच्या आत आपल्या गॅरेजच्या एका भिंतीला पांढरा रंग मारा, दहा मीटरवर जमिनीवर पट्टा आखा. खर्च एका डब्याचा आणि अर्ध्या दिवसाचा. या पावसाळ्यात हेडलाइटच्या कामाची एकही गाडी त्या भिंतीसमोर उभी राहिल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. कसालच्या रस्त्यावरच्या त्या मेस्त्रींनी त्या संध्याकाळी दोन्ही कपलर साफ केले, अर्थ बदलली, जुने हॅलोजन परत घातले आणि फोकस मारून दिला. गाडी मालवणच्या दिशेने गेली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. उजेड रस्त्यावर होता. गाडी जवळून गेली तरी मला डोळ्यांवर हात धरावा लागला नाही.