मुरू द्या की जरा!

“एवढा वेळ कशाला लागतो हो?” हा प्रश्न गाणे करणाऱ्याला हल्ली सर्रास विचारला जातो. अनारसे करणाऱ्या गृहिणीला मात्र तो कोणी विचारीत नाही. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाळवून कुटायचे आणि गूळ घालून पीठ मुरत ठेवायचे, हे सारे घर मुकाट्याने मान्य करते. पीठ जमले नाही तर अनारसा तुपात हसतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण संगीतकाराने आठ गाण्यांच्या अल्बमला दोन वर्षे घेतली, की तो आळशी!

हा न्याय मला मुळीच मान्य नाही.

बीटल्स मंडळींचे उदाहरण घ्या. त्यांनी १९ जानेवारी १९६७ रोजी ‘सार्जंट पेपर’ या अल्बममधले शेवटचे गाणे ध्वनिमुद्रित करायला घेतले, तेव्हा मध्ये चोवीस आवर्तनांची जागा चक्क रिकामी सोडली. तिथे काय घालावे, हे त्यांनाच सुचले नव्हते. तीन आठवड्यांनी, १० फेब्रुवारीला, चाळीस वादकांनी ती जागा भरली. एका फितीवर तेव्हा चारच पट्टे असत. ते भरले, की एकत्र करून दुसरीकडे उतरवायचे आणि मोकळ्या पट्ट्यांवर पुढची वाद्ये चढवायची. एकत्र झालेले सूर पुन्हा सुटे करता येत नसत; म्हणून पुढचे पाऊल विचारानेच टाकावे लागे. सगळ्या अल्बमला सुमारे पाच महिने लागले.

यावर कोणी म्हणेल, “त्यांच्याच पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात झाली. आणि आपले ‘गीतरामायण’? १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवे गीत, अशी छप्पन्न गीते झालीच की!”

झाली, पण ती घाईची नव्हेत. हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांत रात्र रात्र गाऊन त्या पोरांचे गळे आणि हात आधीच तयार झाले होते. गदिमा आणि बाबूजींच्या मागेही चित्रपटसृष्टीतली कित्येक वर्षांची मेहनत उभी होती. आठवडा दिसतो, त्यामागची वर्षे दिसत नाहीत, एवढेच. मुरायला वेळ लागतोच. कोणाचा आधी लागतो, कोणाचा नंतर.

आज तो वेळच आपण नाकारीत आहोत. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले, की ते ऐकले गेल्याची नोंद होते. मग गाणाऱ्याने सावकाश आलाप का घ्यावा? माझ्या परिचयाच्या एका तरुण संगीतकाराला एका कंपनीने बजावले, “महिन्याला एक गाणे द्या, नाहीतर लोक विसरतील.” त्याने अर्धा झालेला अल्बम बाजूला ठेवला आणि आता तो महिन्याला एक गाणे देतो. त्यांतले एकही त्याला स्वतःला पुन्हा ऐकावेसे वाटत नाही!

दोष एकट्या कंपनीचा नाही, वाचकहो. पहिला अंतरा येण्याआधीच पुढच्या गाण्यावर बोट ठेवणारे आपणच. आपण थांबलो, तर थांबून काम करणाऱ्याचेही पोट भरेल. म्हणून या दिवाळीत एक तरी अल्बम घरातल्या सर्वांनी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. करणाऱ्याने वर्षे घातली असतील, तर आपण पाऊण तास द्यायला काय हरकत आहे?