शपथ झाली, मुक्काम कुठे?

गांधी जयंतीपासून 8 ऑक्टोबरपर्यंतचा मद्यनिषेध सप्ताह यंदाही शिस्तीत पार पडला. प्रभातफेरी निघाली, घोषणा झाल्या, उजवा हात पुढे करून शपथ झाली आणि जेवणाच्या सुट्टीआधी तिचे फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरून आले. फोटोत पुढच्या रांगेत सातवी-आठवीची पोरं. ज्यांनी कधी घोट घेतला नाही त्यांनी व्यसनाला नाही म्हटलं, आणि ज्यांनी म्हणायला हवं होतं ते त्या वेळी कुठे होते, हे सौंदडमध्ये कुणाला विचारावं लागत नाही.

या स्तंभाचा राग शपथेवर नाही. शपथेनंतर जी जागा रिकामी राहते, तिच्यावर आहे. त्याच आठवड्यात विजेच्या खांबावर नवा कागद चिकटला: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, खात्रीशीर औषध, खाली मोबाइल नंबर. असल्या पुडीत काय असतं ते देणाराच जाणे. दारू सुटावी म्हणून डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात, पण ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. वरणात कालवून देण्याची ती वस्तू नव्हे. पण सरकारी शपथ जिथे संपते तिथे खांबावरचा वैदू सुरू होतो, आणि बायाबापड्या त्याला फोन करतात, कारण दुसरा नंबर त्यांच्याकडे नसतो.

दुकान महामार्गापासून किती मीटरवर असावं, हा टेप घेऊन खेळण्याचा खेळ या स्तंभात पुरेसा मोजून झाला आहे. बंदी हवी की परवाना, हा वादही. सौंदडहून गाडीत बसलं की काही स्टेशनं सोडून वडसा येतं. तिथे 1993 पासून बंदी, इथे परवाना. तिकडे चंद्रपुरात 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. सहा वर्षं दोन्ही बाजूंनी बाटलीचीच चर्चा केली. बाटली ठेवून जो उठला, त्याने रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न ना बंदीवाल्यांना पडला ना महसूलवाल्यांना.

हा प्रश्न किती मोठा आहे? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 साली आला. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक त्यात 5 कोटी 70 लाखांच्या घरात होते. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्यांत 38 जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा 180 जणांत एक. म्हणजे 179 जणांना खाट मिळत नाही. ज्या एकाला मिळते, त्याला महिनाभराने आपण उचलतो आणि जिथे तो बुडाला होता त्याच जागी नेऊन ठेवतो.

त्या एकाचं परतणं डोळ्यांसमोर आणावं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये उपचार घेऊन तो आला आहे असं समजू. अनिल अवचटांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले, डॉ. अनिता अवचटांनी पदर खोचला आणि 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते केंद्र उभं राहिलं, हे वाचकांना माहीत आहे. तिथला मुक्काम 35 दिवसांचा. मुक्तांगणवाल्यांनाही पक्कं ठाऊक आहे की 35 दिवसांत शरीर सुटतं, माणूस सुटत नाही. म्हणून फॉलोअपच्या सभा, बायकांसाठी सहचरी गट, दारू सोडल्याच्या तारखेचा वाढदिवस. पण येरवडा आणि सौंदड यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर आहे, आणि फॉलोअपची सभा गोंदिया-बल्लारशा गाडीने येत नाही.

तर हा गडी स्टेशनवर उतरतो. एका हातात पिशवी, दुसऱ्यात गोळ्यांची फाइल. बाहेर मोटारसायकल घेऊन कोण उभा आहे? ज्याच्यासोबत तो दहा वर्षं बसला तोच. प्रेमाने आला आहे बिचारा, घरी सोडायला. घरी थोरला भाऊ रोज संध्याकाळी आणतो, तो काही केंद्रात गेलेला नाही. धानाच्या पोत्यांमागे लपवलेली जुनी बाटली बायकोने फेकली की नाही, हे तिलाही आठवत नाही. शेजारी मोहाची निघते, तिचा वास भिंतीला विचारून येत नाही. आणि सगळ्या घराचे डोळे त्याच्यावर: उशिरा आला तर संशय, लवकर झोपला तरी संशय. तेराव्या-चौदाव्या दिवशी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घोट घेतला, की गाव म्हणतं, बघा, पैसे पाण्यात गेले. उपचार हरला असं सगळे म्हणतात. घर हरलं असं कुणी म्हणत नाही.

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. अमेरिकेचं नाव काढलं की या स्तंभाला शिव्या देणारे वाचक आहेत. त्यांनी थोडा दम धरावा.

1975 साल, मेरीलँड राज्यातलं सिल्व्हर स्प्रिंग. दारू सोडलेल्यांसाठी सरकारी पैशावर चालणारं एक वसतिगृह बंद पडायला आलं. तिथे सहा महिन्यांची मुदत होती. मुदत भरली की चालते व्हा. राहणाऱ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली होती: मुदत संपली म्हणून बारा जणांना बाहेर पडावं लागलं, त्यांतले अकरा महिन्याभरात पुन्हा प्यायला लागले. मग पॉल मोलॉय नावाच्या, स्वतः दारूतून बाहेर येत असलेल्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी ते घर आपणच भाड्याने घ्यायचं ठरवलं. ऑक्सफर्ड हाउस नाव दिलं. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, वॉर्डन नाही, गेटवर शिपाई नाही. नियम तीनच. घर लोकशाहीने चालेल, आठवड्याला बैठक होईल, अध्यक्ष-खजिनदार आपल्यातूनच निवडले जातील आणि खुर्चीला कुणी चिकटणार नाही. भाडं, वीज, किराणा सगळ्यांनी सारखं वाटून भरायचं, अनुदान नाही. आणि जो पिईल तो त्याच दिवशी बाहेर. बाकी कितीही वर्षं राहा, मुदत नाही.

चौथा नियम असता तर तो भांडी घासण्याचा असता, असं वाटतं. कारण या घरांचं खरं औषध तेच आहे. सकाळी संडास कुणी धुवायचा, खजिनदाराने हिशेब का दिला नाही, कुणाची दोन आठवड्यांची थकबाकी आहे, यावर आठ बेवडे (त्यांनीच स्वतःला तसं म्हणावं, दुसऱ्याने नाही) एका टेबलाभोवती बसून शुद्धीत भांडतात. ज्याच्या हातात घरच्यांनी दहा वर्षं पाच रुपये ठेवले नाहीत, त्याच्या हातात इथे सगळ्यांच्या भाड्याची पेटी असते. व्यसन लागल्यावर माणूस पहिल्यांदा गमावतो तो शब्दावरचा विश्वास, आणि तो व्याख्यानाने परत येत नाही. महिन्याच्या शेवटी हिशेब जुळला की थोडा येतो. शिवाय लपवायचं कुणापासून? शेजारच्या खाटेवरचा माणूस सगळ्या लबाड्या स्वतः करून बसला आहे.

ऐकायला छान आहे, पण चालतं का? शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले लेनर्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. इलिनॉय राज्यात उपचार संपवून निघालेले 150 जण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. अर्धे ऑक्सफर्ड हाउसमध्ये राहायला गेले, उरलेले अर्धे नेहमीच्या वाटेने, म्हणजे आपापल्या घरी, नातेवाइकांकडे किंवा मिळेल तिथे, जोडीला नेहमीचा पाठपुरावा. उपचार दोघांनी घेतलेले, बदलला तो फक्त पत्ता. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी जवळपास 65 टक्के पुन्हा नशा करत होते. ऑक्सफर्ड हाउसमधले 31 टक्के. कामधंद्याला लागलेल्यांचं प्रमाण ऑक्सफर्ड हाउसवाल्यांत 76 टक्के, दुसऱ्या गटात 49. तुरुंगात गेलेले अनुक्रमे 3 टक्के आणि 9. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. 31 टक्केही थोडे नाहीत, हे घर म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण एवढा फरक पाडणारी गोळी निघाली असती तर औषधाच्या दुकानांपुढे रांगा लागल्या असत्या. पत्त्याला मात्र पेटंट नाही, म्हणून त्याची जाहिरात नाही.

शेजाऱ्यांनी तिथेही त्रास दिलाच. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने नियमावर बोट ठेवलं की एका घरात परके पाचच राहू शकतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1995 साली निकाल ऑक्सफर्ड हाउसच्या बाजूने लागला. आज अशी तीन हजारांहून जास्त घरं आहेत.

आता सौंदडवर येऊ. पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे आपल्याकडे चालायचं नाही, आपल्याकडे कुटुंब असतं. असतं की. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या. एका गावचे वीस-पंचवीस चाकरमाने एका खोलीत राहायचे. कुणाची पाळी दिवसाची, कुणाची रात्रीची, भाडं वाटून, खानावळ ठरलेली, आणि गैरवागणाऱ्याचा निवाडा खोलीच्या बैठकीत. त्यांनाही कुटुंब होतं. एकत्र राहून स्वतःवर पंचायत चालवणं आपल्याला शिकवावं लागत नाही, दारूच्या बाबतीत ते आपण करून पाहिलं नाही एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तालुक्याच्या गावात आठ माणसं एका घरात राहतील तेव्हा चूल एक असेल, आणि चूल एक म्हटलं की जात दारात उभी राहते. त्यावर या स्तंभाकडे तोडगा नाही, एक निरीक्षण आहे: गुत्त्यावर एकाच ग्लासातून पिताना हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नाही.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. असं घर म्हणजे उपचारकेंद्र नव्हे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर विड्रॉलमध्ये फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग घर. आणि कुलूप लावून, मारून दारू सोडवणारी जी दुकानं व्यसनमुक्तीच्या पाट्या लावून बसतात, त्यांनी तर या घरांचं नावही घेऊ नये. इथे आतून कडी असते, बाहेरून नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 18 व्या कलमात हाफवे होमची, आधारासह निवासाची सोय करणं ही शासनाची जबाबदारी म्हणून लिहून ठेवली आहे, आणि व्यसनाचे आजारही त्या कायद्यात येतात. कागद तयार आहे.

घर कुठून आणायचं? नियमित वाचकांनी आता डोळे मिटले तरी चालेल, कारण जुनं तुणतुणं वाजणार आहे. कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली निवासस्थानं. मुख्यालयी राहण्याचा दाखला गावात, राहणं गोंदियाला नाहीतर साकोलीला, आणि घरभाडे भत्ता खिशात. दारं वाळवीने खाल्लेली, अंगणात गवत, आत बकऱ्या. या स्तंभाने हीच घरं याआधी वाचनालयाला मागितली, धान्य साठवायला मागितली, आता दारू सोडलेल्यांना मागतो आहे. बकऱ्यांची हरकत असेल तर ऐकून घेऊ. दोन खोल्या, एक मोरी, आठ माणसं भाडं भरायला तयार. ग्रामपंचायतीला यापेक्षा चांगला भाडेकरू मिळणार नाही, कारण हा भाडेकरू महिन्याच्या महिन्याला स्वतःची शुद्ध सिद्ध करत असतो.

वडशाकडे मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या उपक्रमाचे लोक 2016 पासून काम करतात. तालुक्याला उपचाराचं क्लिनिक, गावात शिबिर. क्लिनिक माणसाच्या जवळ नेलं, हे त्यांचं पुढचं पाऊल. आपल्या सडक अर्जुनी तालुक्यात तेवढं झालं तरी खांबावरचे कागद कमी होतील. पण क्लिनिक संध्याकाळी बंद होतं, आणि तलफ येते ती संध्याकाळी.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शपथ झाली. पुढची ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. एका रिकाम्या घराचा ठराव तिथे मांडायला अजून वेळ आहे, आणि तो महिलांनी मांडला तर त्यांना खाली बसवायची कुणाची हिंमत होणार नाही.

त्याआधी दिवाळी येते, आणि दिवाळीमागून मंडईची जत्रा. गावोगाव पाहुणे, कोंबडा, रात्रभर दंडार नाहीतर नाटक, आणि घरधन्याचा मान राखायला म्हणून पुढे केलेला ग्लास. यंदा कुणी पाहुणा नको म्हणाला तर कारण विचारू नका, आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नका. त्याच्यापुढे चहा ठेवा.