दुकानाची जुनी मोटारसायकल आणि पंपावरील नवे पेट्रोल

व्यापारी कुटुंबात मोटारसायकल ही हौसेची वस्तू क्वचितच असते. मार्केट यार्डातून दुकानात, दुकानातून बँकेत, बँकेतून उधारी वसुलीला आणि सायंकाळी घरच्या कामाला अशी तिची दिवसभर फिरती असते. दहा-बारा वर्षे अशी सेवा केलेली एखादी गाडी आजही पुष्कळ दुकानांच्या दारात उभी दिसते. या गाडीविषयी गेल्या एक-दोन वर्षांत अनेक घरांत वाद सुरू झाला आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, जुन्या कार्ब्युरेटरला ते मानवत नाही, तेव्हा ही गाडी काढून इंजेक्शनची घ्यावी, असे तरुण पिढी म्हणते. चालू गाडी विकणे म्हणजे उधळपट्टी, असे वडीलधाऱ्यांचे मत असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु निर्णय आवेशाने घेण्यापेक्षा आधी यंत्र समजून घ्यावे आणि मग वही उघडावी, हे व्यापाऱ्याच्या रीतीला धरून होईल.

दोन पद्धती, एकच काम

इंजिनात पेट्रोल एकटे जळत नाही. त्यास ठरावीक प्रमाणात हवा लागते. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोस सुमारे 14.7 किलो हवा, असे हे प्रमाण आहे. ते जुळवून देणे हे कार्ब्युरेटरचे काम आणि इंजेक्शनचेही तेच.

कार्ब्युरेटरमध्ये हवेचा मार्ग मध्येच अरुंद केलेला असतो. तेथून हवा वेगाने जाते, तिचा दाब उतरतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून वर ओढले जाते. वाटीतील पातळी फ्लोट सांभाळतो. टाकीतून पेट्रोल केवळ उतारावरून खाली येते. पंप नाही, संगणक नाही, विजेची गरज नाही. म्हणूनच बॅटरी पूर्ण उतरलेली जुनी गाडीही बहुधा किक मारली की सुरू होते, आणि तालुक्याच्या गावातील मेकॅनिक पेचकस व ब्रशच्या साहाय्याने ती तासाभरात दुरुस्त करतो. उणीव इतकीच, की जेटचे छिद्र ठरलेले असते. सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरास हवा विरळ असते, तरी ते छिद्र पेट्रोल जवळपास पूर्वीइतकेच सोडते. मिश्रण दाट होते आणि गाडी जड चालते.

इंजेक्शन पद्धतीत टाकीतील विजेचा पंप पेट्रोलला दाब देतो आणि इंजेक्टर त्याचा सूक्ष्म फवारा सोडतो. फवारा किती वेळ चालू ठेवावा हे एक छोटा संगणक ठरवतो. हवेचा दाब, इंजिनाचे तापमान आणि मूठ किती पिळली आहे, यांची माहिती त्यास सेन्सर देत असतात. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर मिश्रण बरोबर जळले की नाही हे कळवतो आणि त्यानुसार पुढील फवारा कमीअधिक होतो. जणू प्रत्येक व्यवहारानंतर लगेच मेळ घातला जातो. कार्ब्युरेटरचा मेळ मात्र मेकॅनिक स्क्रू फिरवील तेव्हाच बसतो.

इंजेक्शन आले कशामुळे?

इंजेक्शन अधिक मायलेज देते म्हणून ते सर्वत्र आले, असा समज आहे. इतिहास थोडा निराळा आहे. भारतात हिरो होंडाने 2006 मध्ये ग्लॅमर मोटारसायकल इंजेक्शनसह आणली. 2007 मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर 220 इंजेक्शनसह बाजारात आणली. परंतु 2009 मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटर लावून, कमी किमतीत पुन्हा सादर केली. ग्राहक या सुविधेसाठी जादा पैसे मोजण्यास फारसा तयार नव्हता. चित्र पालटले ते कायद्याने. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि तेथपर्यंत धूर कमी करणे साध्या कार्ब्युरेटरला शक्य नव्हते. त्यामुळे बहुतेक सर्व कंपन्या इंजेक्शनकडे वळल्या. म्हणजे ही सुधारणा मुख्यत्वे स्वच्छ धुरासाठी झाली. मायलेजमधील लाभ हा तिच्यासोबत आलेला लहान फायदा आहे. हिशेब करताना हे ध्यानात ठेवावे.

इथेनॉलने काय बदलते?

ई-20 पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि 2025 पर्यंत ते देशभर सर्वसाधारण पेट्रोल झाले. जुन्या गाडीच्या दृष्टीने त्याचे तीन परिणाम संभवतात.

पहिला परिणाम मायलेजवर. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज ई-20 वर 3 ते 4 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 मधील आराखड्यात दिला आहे.

दुसरा परिणाम मिश्रणावर. इथेनॉलला हवा कमी लागते, किलोस सुमारे 9 किलो. त्यामुळे ई-20 साठी हे प्रमाण साधारण 13.5 वर येते. इंजेक्शनचा संगणक आपल्या मर्यादेत हा फरक भरून काढतो. कार्ब्युरेटर तो ओळखू शकत नाही. मिश्रण पातळ होते. सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, मूठ पिळताना अडखळणे, इंजिन अधिक तापणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसल्यास जाणत्या मेकॅनिककडून ट्यूनिंग करून घ्यावे आणि त्यानंतर पीयूसी तपासणी अवश्य करावी.

तिसरा परिणाम रबरावर व टाकीवर. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह तळाशी साचते. मग टाकी गंजते आणि जेट तुंबतो. जुने रबरी पाइप व ओ-रिंगही लवकर कडक होतात किंवा फुगतात. येथे इंजेक्शनची जुनी गाडी निर्धास्त आहे असे मात्र नाही. तिचे पंप व सील ई-20 साठी बनवलेले नसतील, तर झीज तेथेही होते आणि पंपाची किंमत जेटच्या कितीतरी पट असते.

आता वही उघडावी

दुकानाची गाडी रोज 40 किलोमीटर, वर्षातून 300 दिवस चालते असे धरू. म्हणजे वर्षाला 12,000 किलोमीटर. मायलेज 60 असेल तर 200 लिटर पेट्रोल लागेल. दर लिटरला 105 रुपये धरल्यास खर्च 21,000 रुपये. मायलेज 4 टक्क्यांनी घटून 57.6 झाले, तर हाच खर्च सुमारे 21,875 रुपये होतो. ई-20 मुळे आलेला वार्षिक बोजा असा साधारण 875 रुपयांचा.

आता 90,000 रुपयांची नवी गाडी घेतली आणि तिने 65 चे मायलेज दिले असे मानू. पेट्रोलचा खर्च सुमारे 19,385 रुपये, म्हणजे बचत वर्षाला 2,490 रुपये. जुनी गाडी 20,000 रुपयांस गेली तरी 70,000 रुपये गुंततात आणि 7 टक्के दराने त्यावरील व्याजच 4,900 रुपये होते. गाडीचा दरवर्षीचा घसारा तर वेगळाच. रोजची धाव 80 किलोमीटर असेल तेव्हा कुठे बचत आणि व्याज यांची जेमतेम तोंडमिळवणी होते.

यावर करसवलतीचा मुद्दा पुढे केला जातो. व्यवसायाच्या गाडीवर घसाऱ्याची वजावट मिळते हे खरे. परंतु जो व्यापारी अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरणपत्र भरतो, त्यास ही वजावट वेगळी मिळत नाही. इतरांनाही घरगुती वापराचा भाग वगळावा लागतो. कर वाचवण्यासाठी त्याहून मोठा खर्च करणे हा व्यवहार नव्हे.

महागड्या पेट्रोलचेही असेच आहे. ऑक्टेन अंक म्हणजे पेट्रोलची शक्ती नव्हे. इंजिनात दाबले गेल्यावर वेळेपूर्वी पेट न घेण्याची ती क्षमता आहे. रोजच्या 100 ते 125 सीसी गाडीत तेवढा दाबच नसतो. लिटरला आठ रुपये जास्त मोजले तर 200 लिटरमागे 1,600 रुपये जातात. ई-20 मुळे होणाऱ्या नुकसानीच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय 95 ऑक्टेन म्हणजे इथेनॉलविरहित, असे गृहीत धरू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच ऑक्टेन पुरेसे असते.

वहीत न मावणारी एक बाब

एवढ्यावरून जुनी गाडी कायम ठेवावी असे ठरवण्यापूर्वी एक गोष्ट पाहिली पाहिजे. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही चाकांना एकत्र आवळणारी ब्रेक यंत्रणा आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत हे नाही. वसुलीची रक्कम घेऊन रात्री महामार्गावरून परतणारा घरचा मुलगा किंवा दुकानातील नोकर त्या गाडीवर असतो. गाडी रोज महामार्गावर जात असेल, फ्रेमला गंज चढला असेल किंवा ब्रेक व चाके वारंवार दुरुस्तीला येत असतील, तर वरील 2,490 आणि 4,900 हे आकडे बाजूस ठेवून गाडी बदलावी. घरात बहुधा वाद पेट्रोलचा होतो, आणि ब्रेकचा प्रश्न कोणी काढीतच नाही.

दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी

कार्ब्युरेटरची गाडी रात्री उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करावा. महिनाभर चालणार नसेल तर वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. पावसाळ्यापूर्वी टाकीच्या झाकणाचे रबर, पाइप आणि फिल्टर बदलावेत. हा खर्च काही शेकड्यांचा असतो. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी सांभाळावी, कारण ती पूर्ण उतरल्यास पंपच चालत नाही. टाकी सतत तळाशी ठेवून चालवू नये. पंपाला थंडावा पेट्रोलच देते. मीटरवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर दुर्लक्ष न करता स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये तपासणी करावी.

पंपावर शंका आल्यास फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. आपल्या दुकानातील तराजूवर जो काटेकोरपणा अपेक्षित असतो, तोच तेथेही मागावा.

शेवटी क्रम असा ठेवावा: प्रथम ब्रेक व चाके, नंतर वर्षाची धाव, त्यानंतर दुरुस्तीची बिले आणि सर्वांत शेवटी पेट्रोल. या क्रमाने पाहिल्यास रोज गावातल्या गावात चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या, नीट सांभाळलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीस अजून काही वर्षे निवृत्त करण्याचे कारण दिसत नाही.