झोपेची गोळी, मॉर्फिन आणि फौजदारी खटल्याची भीती

"डॉक्टर, एकदम दोनशे गोळ्या लिहून द्या, दर महिन्याला हेलपाटा नको." झोपेची गोळी घेणाऱ्यांची ही नेहमीची मागणी. मी तीसच लिहितो, आकड्यापुढे अक्षरी 'तीस' लिहितो, तारीख घालतो आणि पुढच्या वेळी रुग्णाने स्वतः यावं असं सांगतो. काहींना वाटतं, फीसाठी चाललंय. एकदोघांनी तसं तोंडावर सांगितलंही आहे.

नियमित वापराने या गोळ्यांची सवय लागते, हे पहिलं कारण. दुसरं कारण कायद्याचं आहे आणि त्याविषयी रुग्णांना सहसा कुणी सांगत नाही. अल्प्राझोलम, डायझेपाम, आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीसुद्धा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येते. चरस, गांजा, हेरॉइन विकणाऱ्याला पकडतात तोच हा कायदा. औषध म्हणून, चिठ्ठीवर, परवानाधारक दुकानातून, नोंद ठेवून दिलं तर गुन्हा नाही. चिठ्ठी नाही, नोंद नाही, साठ्याचा हिशेब जुळत नाही, की प्रकरण फौजदारीकडे वळू शकतं.

शिक्षा ठरते वजनावर, आणि इथे माझा पहिला आक्षेप आहे. अल्प्राझोलमसाठी ५ ग्रॅमपर्यंत 'अल्प' प्रमाण, १०० ग्रॅमच्या वर 'व्यावसायिक' प्रमाण. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत कैद. व्यावसायिक असेल तर किमान १० आणि कमाल २० वर्षं, वर लाखाच्या पुढे दंड, आणि जामीन मिळणं महाकठीण. आता हिशेब करा. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचं एकूण वजन १०० मिलिग्रॅम धरू. बाकी सगळा स्टार्च आणि तत्सम भरणा. अशा हजार गोळ्यांत औषध असतं फक्त अर्धा ग्रॅम. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात ठरवलं, की भरण्यासकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे अर्धा ग्रॅम औषध थेट १०० ग्रॅमच्या उंबरठ्यावर. हजार गोळ्या म्हणजे दहा-दहाच्या शंभर पट्ट्या, बऱ्यापैकी चालणाऱ्या मेडिकल दुकानाचा साठा.

नशेसाठी गोळ्या विकणाऱ्यांची मला जराही कणव नाही. मालेगाव भागात अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' म्हणतात. या गोळीपायी वाया गेलेली पोरं ज्यांनी पाहिली, त्यांना कायदा कशाला हवा हे सांगावं लागत नाही. पण जाणूनबुजून विष विकणारा आणि रजिस्टरमध्ये दोन ओळी राहून गेलेला, या दोघांना वेगळं कसं काढायचं? मनात काय होतं, हेच पाहावं लागेल. आपल्या कायद्याचं कलम ३५ नेमकं उलटं सांगतं: गुन्हेगारी हेतू होता असं न्यायालयाने गृहीत धरायचं आणि तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी संशयापलीकडे.

याच प्रश्नावर अमेरिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. वेदनाशामक गोळ्यांच्या महापुराने तिथे लाखो घरं पोळली. अलाबामातल्या डॉ. रुआन यांना अशा गोळ्या लिहून दिल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली होती. २७ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपण अधिकाराबाहेर जाऊन औषध देतोय हे डॉक्टरला माहीत होतं किंवा तसाच त्याचा हेतू होता, हे सरकारने सिद्ध करायला हवं. त्या डॉक्टरांना न्यायालयाने निर्दोष ठरवलं नाही, फक्त या कसोटीवर प्रकरण पुन्हा तपासायला पाठवलं. मला ही कसोटी योग्य वाटते.

ही भीती शेवटी डॉक्टरवर नाही, रुग्णावर कोसळते. १९८५ नंतर मॉर्फिनसाठी एवढे परवाने लागू लागले, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशात मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, त्या देशात कॅन्सरचे रुग्ण शेवटचे महिने तळमळत काढत होते! केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिलसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. कागद बदलला, तरी मनातली धास्ती पुरती गेलेली नाही. "मॉर्फिन? नको ती भानगड," हे वाक्य आजही ऐकू येतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, अशा गोळ्या स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० पर्यंत जवळ ठेवता येतात; दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी खास तसं लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. चिठ्ठी जपून ठेवा. आपली पट्टी शेजारच्या काकूंना देऊ नका. तुमच्या दृष्टीने ती माया, कायद्याच्या दृष्टीने वाटप. मुलाकडे दुबईला जाताना तर फारच जपा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं औषध तिथे न्यायचं तर आधी तिथली सरकारी परवानगी लागते, नाहीतर विमानतळावरच अटक होऊ शकते.

आणि घरात कॅन्सरचा रुग्ण वेदनेने रात्र-रात्र जागत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "मॉर्फिन देता येईल का? आपल्याकडे नसेल तर जवळ कुठे मिळेल?" मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअर विभाग असतो, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही आहे. जाताना रुग्णाचे सगळे रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्या.