राज्याचा मान आणि झाडाचा आधार

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. २०१५ साली राज्याने ‘ब्लू मॉरमॉन’ अर्थात राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिलेच राज्य. परीक्षार्थींस ही उत्तरे मुखोद्गत असतात. तथापि या मानाने त्या जीवांच्या पदरी काय पडले, हे क्वचितच विचारले जाते.

वर्गीकरणात हे दोघे परस्परांपासून फार दूर आहेत. शेकरू पृष्ठवंशी, सस्तन वर्गातील, कृंतक गणातील, खारीच्या कुलातील; तर राणी पाकोळी संधिपाद संघातील कीटक. संरक्षणाची पारडीही समतोल नाहीत. शेकरूच्या पाठीशी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याचे वसतिस्थान असलेले भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झाले. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘किमान चिंता’ या श्रेणीत असला, तरी संख्या घटत असल्याचा शेराही तेथेच आहे. कीटकांचे तसे नाही. शास्त्राने वर्णिलेल्या सुमारे दहा लाख कीटकजातींपैकी फार थोड्यांचेच मूल्यमापन त्या यादीसाठी झाले आहे. ज्याचा हिशेबच नाही, त्याचा तोटा कळणार कसा?

शिवाय श्रेणी ठरते ती संपूर्ण जातीची. राज्याच्या दरडोई उत्पन्नावरून अवर्षणप्रवण आष्टी तालुक्याची स्थिती उमगत नाही, तसेच हे आहे. शेकरू आपल्याकडे नाही. परंतु त्याच्याच कुलातील खार येथील कडुनिंबांवर बागडते. राणी पाकोळीच्याच पॅपिलिओ प्रजातीतील लिंबावरचे फुलपाखरू आपल्या परसात अंडी घालते. बागायतदार त्याच्या अळीला कीड मानून फवारणी करतो. त्याचे नुकसान खरे आहे. म्हणूनच बांधावरचे एखादे लिंबाचे झाड फवारणीविना राखणे, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून रास्त ठरेल.

शेकरूला एकमेकांत गुंतलेले वृक्षांचे शेंडे हवेत, पाकोळीच्या अळीला लिंबूवर्गीय झाडांची पाने. शास्त्राने दूर ठेवलेल्या या दोघांचे जगणे अखेर झाडावरच अवलंबून आहे. तेव्हा तालुक्यातील प्रत्येक शाळेने, महाविद्यालयाने व कचेरीने आवारातील झाडांची आणि त्यांवरील जीवांची दरवर्षी नोंद ठेवावी. त्यास अनुदान लागत नाही; एक वही आणि थोडे सातत्य पुरेसे आहे. पुढे झाड तोडण्याचा प्रस्ताव आला, तर काय गमावणार याचा निदान लेखी पुरावा तरी हाती असेल.