किती वर्षं राहणार?

ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या ॲमस्टेलवेनमध्ये येऊन आम्हाला चार महिने झाले. घर मिळालं, सायकली घेतल्या, कोथिंबीर कुठे चांगली मिळते तेही कळलं. राहिली होती फक्त लेकीची शाळा. ती मार्चमध्ये चार वर्षांची होतेय आणि इथली बहुतेक मुलं चौथा वाढदिवस झाला की लगेच शाळेत जायला लागतात. म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी सामुदायिक भोकाड पसरायची भानगडच नाही. ज्याचा त्याचा वाढदिवस, ज्याचा त्याचा पहिला दिवस!

पर्याय तसे दोनच. (खासगी इंटरनॅशनल शाळा हा तिसरा, पण वर्षाला वीस हजार युरोंच्या पुढची फी नवऱ्याची कंपनी देत नाही. त्यामुळे तो विषय कॉफी संपायच्या आत संपला.) पहिला, घराजवळची डच शाळा. तिला फी नाही. शाळा पालकांकडून ऐच्छिक वर्गणी मागते, पण ती दिली नाही म्हणून मुलाला सहलीला न नेणं कायद्यात बसत नाही. दुसरा, सरकारी अनुदान मिळणारी इंटरनॅशनल शाळा. फी काही हजार युरो, शिकवणं इंग्रजीत. फक्त प्रवेशासाठी कंपनीचं पत्र लागतं, की आई किंवा बाबा इथे ठरावीक काळापुरतेच कामाला आले आहेत.

पत्र मिळायला काहीच अडचण नव्हती. नवऱ्याचं काँट्रॅक्ट दोन वर्षांचंच आहे. पण मी सहज विचारलं, ''दोनच वर्षं ना रे?'' आणि तो उठून भांडी घासायला लागला. हा माणूस स्वतःहून भांडी घासतो, म्हणजे मामला गंभीर!

मग मी एकटीच हिशोब मांडला. डच शाळेची पहिली दोन वर्षं, म्हणजे गट 1 आणि गट 2, खेळण्यातच जातात. रीतसर वाचायला शिकवतात ते गट 3 मध्ये, साधारण सहाव्या वर्षी. दोन वर्षांनी पुण्याला परतलो तर आमची ठमी पहिलीच्या वर्गात डच गाणी म्हणत बसणार, एबीसीडीच्या नावाने शंख! उलट इंग्रजी शाळेत घातली आणि इथेच राहिलो, तर? गट 8 मध्ये, बाराव्या वर्षाच्या आसपास, मूल पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावं हे शाळा सुचवते. तोवर डच चांगलं मुरलेलं हवं. ते काय शेवटच्या वर्षी क्लास लावून येणार आहे?

इथल्या मैत्रिणींना विचारलं. प्रत्येकीने आपण घेतलेला निर्णयच कसा बरोबर, ते समजावलं.

चार वर्षं पूर्ण व्हायच्या आधी मुलाला सवय व्हावी म्हणून डच शाळेत काही दिवस नुसतं बसू देतात. म्हटलं, बघू तरी. पहिल्या दिवशी लेक माझा ओव्हरकोट सोडेना. दुसऱ्या दिवशी न्यायला गेले तर मुलं गोल बसून फळं खात होती. शेजारच्या मुलाला सफरचंदाची फोड मिळाली, तशी ही हात पुढे करून म्हणाली, ''इक ओक!'' म्हणजे 'मी पण'. मला घशात एकदम काहीतरी आल्यासारखं झालं. आनंद झाला की धसका बसला, खरंच सांगता येणार नाही.

त्या रात्री नवऱ्याने अखेर तोंड उघडलं. ''मला इथे राहायचंय असं वाटतं. पण आईबाबांना सांगायची हिंमत नाही.'' मला राहायचंय का, हे त्याने विचारलं नाही. मग मीच सांगितलं की मला अजून माहीत नाही, आणि त्यावर आम्ही दीड वाजेपर्यंत भांडलो.

डच शाळेचा फॉर्म भरलाय. कंपनीचं पत्र मागवलेलं नाही. माझ्या आईला फोनवर शाळेचं सांगितलं, तर ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, ''मराठी कोण शिकवणार तिला?''

काल तिने बालभारतीचं पहिलीचं पुस्तक कुरियर केलंय. ट्रॅकिंग नंबर नवऱ्याने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.