केंद्रातून पोरगा घरी आला, आता पुढं काय?

गेल्या वर्षावासात एका रविवारी विहारातली वंदना संपली. बायका पांगल्या, पण एक मावशी मागं थांबल्या. त्यांचा 27 वर्षांचा मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळीला होता. मित्रांच्या नादानं गर्द ओढायला लागला. मावशींनी बचत गटाचं कर्ज काढून त्याला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. घरी आल्यावर पंधराव्या दिवशी तो पुन्हा ओढताना सापडला. मावशी म्हणाल्या, "बाई, सगळं पाण्यात गेलं बघा. आता त्याला घरात घ्यावं का न्हाई, तेवढंच सांगा."

आम्ही सांगितलं, "घरात घ्या. आणि उद्या सकाळी आपण त्याला घेऊन सीपीआरला जाऊ."

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही कितीतरी वर्षं वॉर्डात पाळ्या केल्या. आता वस्तीत फिरतो. मावशींचा प्रश्न आम्हाला अनेक घरांत ऐकू येतो. आमचं मत स्पष्ट आहे. केंद्रातून घरी येणं म्हणजे उपचार संपणं नव्हे. लांबचा उपचार तिथून पुढं सुरू होतो. नेमकं त्याच वेळी आपण हात काढून घेतो, कधी "आता बरा झाला" म्हणून, तर कधी "हा सुधारणारच नाही" म्हणून. दोन्ही वेळा नुकसान पोराचंच होतं.

गर्द, अफू, खोकल्याची कोडीनवाली औषधं, ट्रॅमाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या या सगळ्यांचा शरीरावर अंमल एकाच तऱ्हेचा असतो. केंद्र सरकारनं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार 10 ते 75 वयोगटातले सुमारे 2.1 टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींहून जास्त माणसं, यातलं काही ना काही घेत होती. तेव्हा हे आपल्याच घरचं पाप आहे असं कुणी समजू नये.

महाराष्ट्राला ही ओळख जुनी आहे. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली, चांगल्या घरची तरणी पोरं वाया जाऊ लागली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. पुढं तिथं रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट उभा राहिला. यातून शिकायचं ते हे, की आजारी एक असला तरी उपचार सगळ्या घराला लागतो.

शरीरात काय होतं

गर्द बंद केली की 8 ते 12 तासांत जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखं दुखणं, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो. आठवडा-दहा दिवसांत तो ओसरतो. केंद्रात हा टप्पा पार पडतो. पण झोप न लागणं, मन खचणं, नशेची ओढ या गोष्टी पुढं कित्येक महिने राहतात. पोरगा घरात गप्प बसून असतो, चिडतो, त्याला आपण आळशी म्हणतो. तो आजाराचाच भाग असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महिनाभर नशा न घेतल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. पूर्वी रोज पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. म्हणून केंद्रातून किंवा जेलमधून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे जिवाला सगळ्यात धोक्याचे. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर धोका आणखी वाढतो.

पोरगा हाक मारूनही उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा घोरल्यासारखा आहे, ओठ निळे पडलेत, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, असं दिसलं तर 108 ला फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात मिठाचं पाणी घालू नका, एकटं सोडू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन या नशेचा अंमल उतरवतं, पण डॉक्टरांना कारण कळलं तरच ते वेळेत मिळेल.

गोळी म्हणजे नशा नव्हे

डॉक्टर अनेकदा ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देतात. मेंदूत गर्द जिथं जाऊन बसते तीच जागा ही गोळी धरून ठेवते. त्यामुळं ओढ कमी होते, अंग दुखत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. सुरुवात मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची. गर्दचा अंमल अंगात असताना ही गोळी घेतली तर त्रास एकदम उसळतो.

वस्तीत लोक म्हणतात, "एक नशा सोडवून दुसरी लावली." आम्हाला हे पटत नाही. बीपीची गोळी रोज घेणाऱ्या माणसाला आपण गोळीचा व्यसनी म्हणत नाही. ही गोळीसुद्धा कुणाला काही महिने, कुणाला काही वर्षं लागते. मध्येच मनानं बंद केली की पोरगं पुन्हा गर्दकडं जातं, आणि तेव्हाच जीव जायची भीती असते. बंद करायची ती डॉक्टरांनी, हळूहळू. गोळ्या आईनं किंवा बायकोनं कुलपात ठेवाव्यात, रोजची मात्रा हातावर द्यावी आणि लहान मुलांपासून लांब ठेवाव्यात.

घरानं काय करावं

जेवण, औषध आणि झोपायला जागा द्या. रोख पैसे देऊ नका. कामावर जायला लागला तर केएमटीचा पास काढून द्या. गर्द विकणाऱ्याची उधारी फेडू नका. शपथा घालू नका. त्या मोडतात आणि पोरगं लाजेनं आणखी लपून नशा करतं. नशेत असताना वाद घालू नका, सकाळी शुद्धीत असताना बोला. घरात मारहाण खपवून घ्यायची नाही, हा नियम मात्र पक्का ठेवा.

आणि लग्न लावू नका. "लग्न झालं की सुधारेल" म्हणून दुसऱ्याची लेक या आगीत लोटायचा आपल्याला काही हक्क नाही.

सुई वापरली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी करून घ्या. 2018 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हिपॅटायटिस-सी चा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतो.

एका केंद्रात पोरांना साखळीनं बांधून मारल्याचं आम्ही एका मुलाच्या अंगावरच्या वळांवरून पाहिलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये व्यसनाचा आजारही येतो, आणि या कायद्यानं साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे. केंद्रात ठेवण्याआधी डॉक्टर रोज येतात का, आईला भेटू देतात का, औषधं कोणती देतात, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पोराला परत आणा. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 64 अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण देतं. त्यासाठी उपचार पूर्ण करावा लागतो.

विहारानं काय करावं

पाचवं शील आपण रोज म्हणतो. बाबासाहेबांनी 1956 साली दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आम्हाला ती मान्यच आहे. पण शील मोडलेल्या पोराच्या आईला हळदी-कुंकवासारखं बाजूला बसवायचं असेल, तर आपण जुनंच पुन्हा करतो आहोत.

एक भिक्खू जुलाबानं आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे त्याच्याकडं फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी त्याला धुतलं आणि उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितलं. त्या भिक्खूची लायकी त्यांनी आधी तपासली नाही.

म्हणून आमचं म्हणणं आहे, प्रत्येक वस्तीतल्या विहारानं महिन्यातून एक संध्याकाळ अशा घरांतल्या आयांसाठी, बायकांसाठी ठेवावी. तिथलं बोलणं तिथंच राहावं. आणि आपण सगळ्यांनी मिळून मागणी करावी, की ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळावा. रोजंदारी बुडवून लांब जावं लागलं की गोळी सुटते.

मावशींचा मुलगा त्या दिवसानंतर आणखी एकदा घसरला. मावशींनी त्याला दुसऱ्याच दिवशी स्वतः डॉक्टरांकडं नेलं. आता सात महिने झाले, गोळी चालू आहे, दिवसपाळीला जातो. पुढं काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण पोरगा जिवंत आहे, आणि उपचार जिवंत माणसालाच देता येतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर 14446 या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा सीपीआरच्या मानसोपचार विभागात जा. एकटीनं जायला धीर होत नसेल तर वस्तीतल्या आशाताईंना सोबत न्या.

जय भीम. नमो बुद्धाय.